धुक्याचा आकडा

४ जानेवारी

प्रिय मिस्त्री,

अत्यंत खेदाने कळवावं लागतं की माझी मेंढी हरवली आहे.

हे वाक्य मी दोनदा लिहिलं. पहिल्या खेपेला 'मेषी' लिहिलं होतं, तर बायको खांद्यावरून वाकून म्हणाली, राशिभविष्य वाटतंय. तेव्हा तक्रार साध्या भाषेत नोंदवून घे. निळी मेंढी, मी स्वतः रंगवलेली, दोन वर्षं पाळलेली, स्वभावाने गरीब. गेल्या रविवारी तू चहा आणायला उठलास तेवढ्यात ती नदीच्या दिशेने चालू लागली. मी मागोमाग. वीस पावलांवर आपलं नेहमीचं धुकं. मेंढी त्यात शिरली आणि सृष्टीतून नाहीशी झाली. मी काठावर उभा राहून हाका मारल्या. संगणकातल्या मेंढीला हाक ऐकू जात नाही, हे बायकोने पलीकडच्या खोलीतून समजावलं. ती गणित शिकवते, तिला सगळं समजावायची सवय आहे.

शब्दकोशाच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढलेला, एक्कावन्न वर्षांचा माणूस ठोकळ्यांच्या खेळातल्या मेंढीसाठी शोक करतो, याला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. पण दर रविवारी नऊ ते अकरा आपण दोघं त्या जगात घरं बांधत आलो, त्याला आता सात वर्षं होतील. जग तुझ्या घरच्या मशीनमध्ये असतं, मी इथून येऊन-जाऊन. आठवड्याचे बाकीचे तास मी शब्दांचे अर्थ लावतो. ते दोन तासच काय ते निरर्थक, म्हणून मला ते फार प्रिय आहेत. ग्रंथालयाचा तिसरा मजला खचेल, खाली चार खांब घाल, असं तू सुचवलंस, तेव्हा मला तुझ्याबद्दल किती आदर वाटला ते मी तोंडावर सांगितलं नव्हतं. आता लेखी सांगतो.

मूळ मुद्दा धुक्याचा. पहिल्या वर्षी मला नदीपलीकडचा डोंगर स्पष्ट दिसायचा. मग तू इथे पंखा बदलायला येऊन गेलास आणि त्यानंतर धुकं अंगणापर्यंत आलं. ग्राफिक्स कार्ड थकलं, असं तू निदान केलंस. मी मानलं, कारण त्या सुमारास मीही थकलो होतो. पण मेंढी ही शेवटची मर्यादा. मी नवं कार्ड घालायचं ठरवलं आहे. कुठलं घालू ते कळव. पत्राने कळव. फोनवर तू 'हो हो' म्हणतोस आणि मागे तुझी लिफ्ट ठणठणत असते.

तुझा शोकमग्न,
पंडित


११ जानेवारी

पंडित,

मेंढी गेली, वाईट झालं. दुसरी देतो. निळीच देतो.

कार्डाचं मात्र डोक्यातून काढ. एक तर तुझं कॅबिनेट आखूड आहे, हल्लीची कार्डं लांब असतात, बसणार नाही. बसलं तर तुझा पॉवर सप्लाय चारशे वॅटचा आहे, तो उचलणार नाही. उचललं तर तुझा बोर्ड जुना आहे, नव्या कार्डाला अर्ध्या वाटेत अडवून ठेवेल. शिवाय गरम होईल. आणि मुळात त्या खेळाला कार्ड लागत नाही रे, आहे ते पुष्कळ आहे.

नदीपलीकडे काही नाही. मी पाहून आलोय. मोकळं रान आहे. तिकडे तुझी मशीन लटकते, म्हणून तर तुला जाऊ नको म्हणतो. सेटिंगमध्येही हात घालू नकोस. दिसण्याच्या अंतराचा आकडा वाढवलास तर आहे ते कार्डही जळेल.

एप्रिलमध्ये सुट्टी काढून येतो, तेव्हा बघू. या आठवड्यात एका हॉस्पिटलच्या दोन लिफ्ट बंद आहेत, तिसरीत सगळे कोंबून चढतात आणि मग मला शिव्या देतात. वहिनीला नमस्कार.

मिस्त्री


१९ जानेवारी

प्रिय मिस्त्री,

तर्कशास्त्रात एक खरा हेतू, म्हणजे एक खरं कारण, पुरतं. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, विषय संपला. तू पाच हेतू दिलेस, आणि त्यांतला प्रत्येक जण आधीच्याला 'तू खरा नसलास तर मी आहे' असं म्हणत उभा आहे. कार्ड बसणार नाही, बसलं तर चालणार नाही, चाललं तर पळणार नाही, पळालं तर तापेल, आणि न तापलं तरी गरज नाही. आमच्याकडे असं टिपण कुणी आणून दिलं तर मी त्याला पाणी विचारतो आणि घरी काही बिनसलंय का ते विचारतो. तुझ्या घरी काही बिनसलंय का?

गंमत पुरे. तुझं ऐकून मी गप्प बसणार होतो, पण बायकोने फूटपट्टी आणली. कॅबिनेटच्या आत अठ्ठावीस सेंटिमीटर जागा भरली, आणि तिने पाहिलेलं कार्ड चोवीसचं आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई संगणक दुरुस्त करतात. आवाजावरून करारी, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी वॅटचा हिशेब करून सांगितलं, पॉवर सप्लाय बदलून टाकू, अर्ध्या तासाचं काम. बोर्ड जुना आहे हे त्यांनाही मान्य आहे. म्हणाल्या, म्हातारा आहे पण चालता-फिरता आहे, थोडा मागे राहील एवढंच.

तेव्हा पहिले तीनही आक्षेप निकालात निघाले. पुढच्या शनिवारी दुपारी काम आहे. तू एप्रिलमध्ये येशील तेव्हा आपण डोंगराकडे बघत बसू. या मशीनचा प्रत्येक स्क्रू तू बसवला आहेस, तेव्हा परक्या हाताने तो उघडताना मला थोडं अपराध्यासारखं वाटतं आहे, तेही सांगून टाकतो.

तुझा,
पंडित


२४ जानेवारी

पंडित,

शनिवारी करू नको. मी येतो. एप्रिल नाही, पुढच्याच महिन्यात येतो. बाईंना सांग, मावसभाऊ येऊन करणार आहे.

करायचंच असेल तर नुसतं कार्ड बदल. खेळाच्या सेटिंगला त्यांना हात लावू देऊ नको, माझी शपथ आहे. कारण भेटल्यावर सांगतो.

या रविवारी मला जमणार नाही. काम आहे.

मिस्त्री


२ फेब्रुवारी

मिस्त्री,

तुझं पत्र सोमवारी आलं. काम शनिवारी झालं होतं.

क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर मी काय लिहीन याचा मला भरवसा नाही.

बाई अडीचला आल्या. बाजूचा पत्रा काढला तर आत सहा वर्षांची धूळ गोधडीसारखी. पॉवर सप्लाय बदलला, जुनं कार्ड खिट्टी दाबून सोडवलं, नवं दोन्ही हातांनी स्लॉटमध्ये दाबून बसवलं, सहा दातांची वायर जोडली. चालू केलं. पडदा काळा. मी म्हटलं, झालं, मिस्त्री खरा ठरला. बाईंनी मागे हात घातला आणि पडद्याची वायर एका भोकातून काढून दुसऱ्यात लावली. मी घाईघाईने ती कार्डाऐवजी बोर्डात खोचली होती. चालू झालं. मी कौतुकाने खेळ उघडला.

धुकं जागच्या जागी होतं.

मी बाईंना म्हटलं, बघा, एवढं करून कार्ड काही उपयोगाचं नाही. त्यांनी चष्मा चढवला आणि सेटिंग उघडलं. मग त्यांनी जुनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

म्हणाल्या, "याच्यात काही खोट नव्हती. या कार्डावरही डोंगर आरामात दिसला असता. अंतराचा आकडा कुणीतरी हाताने सर्वांत खाली आणून ठेवलाय. हे कार्डाचं काम नाही हो, माणसाचं आहे."

त्यांनी आकडा वर नेला. धुकं मागे गेलं, पडदा ओढतात तसं. आधी नदी, मग पलीकडचा काठ, मग डोंगर. आणि डोंगराच्या पायथ्याशी, तुझ्या त्या मोकळ्या रानात, एक घर.

बाई गेल्यावर मी होडी केली आणि पलीकडे गेलो. मशीन लटकली नाही. काही जळलं नाही.

घराला बाहेरून जिना होता. खाली शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या. जिन्याला अकरा पायऱ्या, आणि तिसरी पायरी अर्धी. मिस्त्री, आम्ही लहानपणी राहायचो त्या घराची तिसरी पायरी तुटलेली होती, हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यांतली आई गेली. एक मी. मला त्या जिन्यावर चढताच येईना. खेळातले पाय असून चढता येईना.

खालच्या दारात लाकडी पाट्या होत्या. बाजाराची चिठ्ठी ठेवावी तशा, तुझ्यासाठी ठेवलेल्या. सगळ्या उतरून घेतल्या आहेत, ती माझी व्यावसायिक सवय. काही देतो.

'मिस्त्री, रविवारी त्याने काय बांधलं ते लिहून ठेव.'

'मिस्त्री, त्याच्या ग्रंथालयाचा तिसरा मजला इथून दिसतो. खचेल. खाली चार खांब घालायला सांग. तुझं म्हणून सांग.'

'निळी मेंढी पोहत आली. त्याची असणार. कुंपणात ठेवली आहे. काय करू?'

'त्याला अजून काही कळू देऊ नकोस.'

म्हणजे दादाला इकडचं सगळं दिसत होतं. माझं घर, माझी शेतं, माझे खांब. त्याच्या बाजूला धुकं नव्हतं, फक्त माझ्या बाजूला होतं. सहा वर्षं माझा थोरला भाऊ पलीकडच्या काठावर राहत होता आणि तू मला सांगत होतास, रान आहे.

आई दवाखान्यात तीन आठवडे होती. मी हस्तलिखितांच्या कामासाठी दुसऱ्या गावी. दादाने मला कळवलं नाही, का, तर मी काम अर्धं टाकून पळत येईन. मला फोन आला तो सगळं उरकल्यावर. त्या दिवसापासून नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. तू तेव्हा माझ्याशेजारी बसला होतास. तू आमचा मावसभाऊ, तुला दोघंही सारखे. तरी तू माझा हात धरून म्हणालास की तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी मला सांगितलं असतंस. त्या एका वाक्यावर मी माणसांत परत आलो. तू हा संगणक बांधून दिलास, तो मी त्या वाक्याचाच पुढचा भाग समजत होतो.

खांबांबद्दलचा आदर मागे घेतो. तो चुकीच्या पत्त्यावर गेला होता.

पंडित


१० फेब्रुवारी

पंडित,

चार दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. लिफ्टच्या खड्ड्यात बसून दोनदा वाचलं. तिथे कुणी हाक मारत नाही.

सगळं खरं आहे. आकडा मी खाली आणला. पंखा बदलायला आलो तो त्यासाठीच आलो होतो, पंखा चांगला होता.

दादाने सहा वर्षांपूर्वी विचारलं, तुम्ही दोघं रविवारी काय करता. मी सांगितलं. त्याने तीन दिवसांनी पुन्हा फोन केला. म्हणाला, "मला बोलायचं नाही त्याच्याशी. तो नाहीच बोलणार. मला नुसतं बघायचंय तो काय बांधतो ते." तीस वर्षं पुलांचे नकाशे काढणारा माणूस असं बोलला, पंडित. मी नाही कसं म्हणू? त्याला बुधवार दिला. तुझा रविवार. तुला कळू द्यायचं नाही असा त्याने शब्द घेतला, मी दिला.

मला वाटलं वर्षभरात तुझा राग उतरेल, मग मीच धुकं काढेन आणि तुम्ही दोघं काठाकाठाने समोर याल. दुसऱ्या वर्षी एकदा दादाचं नाव काढलं होतं, आठवतं? तू खेळ बंद करून उठून गेलास. तीन रविवार आला नाहीस. त्यानंतर माझी छाती झाली नाही.

आणि खरं सांगायचं तर मी माझ्यासाठीही केलं. तुला वहिनी आहे, कचेरी आहे. मला आठवड्यातून दोन दिवस कुणीतरी मिस्त्री म्हणून हाक मारतं ते तुम्ही दोघंच. बाकी सगळे 'लिफ्टवाला' म्हणतात. कळलं असतं तर तू गेला असतास, आणि तू गेल्यावर दादा कुणाला बघायला आला असता? मग मी एकटाच उरलो असतो.

खांबांचं तुझं म्हणून सांग असं तो म्हणाला. मी सांगितलं. तू माझी पाठ थोपटलीस तेव्हा मला लाज वाटली होती, पण बरंही वाटलं होतं.

दादा सध्या कामात आहे. महिनाभर आला नाही. तू आलास-गेलास ते त्याला अजून माहीत नाही.

मिस्त्री


१७ फेब्रुवारी

महोदय,

आपलं दहा तारखेचं पत्र पावलं. ते कचेरीच्या पद्धतीने वाचलं आणि खालील नोंदी केल्या.

आपण एकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी दुसऱ्याला दिलेला शब्द मोडला, आणि तरी आपण शब्दाचे पक्के आहात अशी आपली समजूत दिसते. आपण मला वीस पावलांच्या जगात सहा वर्षं ठेवलंत आणि ते माझ्याच मशीनचं म्हातारपण आहे असं सांगितलंत. मी त्या म्हाताऱ्याची कीव करत होतो. सकाळी चालू करताना हलक्या हाताने बटण दाबायचो. हे आपल्याला ठाऊक असावं म्हणून लिहितो.

आपल्या थोरल्या मावसभावांविषयी. ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली, हे मला कचेरीतल्या एका गृहस्थांकडून कळलं होतं. निवृत्त माणूस 'कामात आहे' म्हणजे नेमकं कुठल्या कामात, ते विचारायचा मला अधिकार नाही.

पण एक गोष्ट नोंदवल्याशिवाय राहवत नाही. रविवारी मी पुन्हा तिकडे गेलो होतो. आपल्याशी खेळायला नव्हे. आपण आला नाहीत ते बरं केलंत. या वेळी जिना चढलो. आईची खोली रेषेत आहे. खिडकी, ओटा, कपाटाची जागा, सगळं मोजून घेतलेलं. पलीकडे अभ्यासाची खोली, जिथे मी पाठांतर करायचो आणि तो नकाशे काढायचा. ती वाकडी आहे. भिंत मध्येच एक ठोकळा बाहेर, मग दोन आत. छताला भोक. खिडकी अर्धी. दारावर पाटी, 'पंडितची', आणि पुढे कोरी जागा.

जो माणूस कागदावर केसाएवढी रेष चुकली तर अख्खा ताव फाडून टाकायचा, त्याने सगळं घर ओळंब्यात बांधलं आणि माझी खोली तेवढी कशीतरी उरकली. आईच्या वेळी मला शेवटी धरलं, इथेही शेवटी. मला वाटलं होतं की तो निदान बांधताना तरी प्रामाणिक असेल.

आपण एप्रिलमध्ये यायची तसदी घेऊ नये.

आपला,
शब्दकोश कचेरीतला एक माणूस


२२ फेब्रुवारी

पंडित,

मला काय म्हणायचं ते म्हण, महोदय म्हण. पण खोलीबद्दल असं म्हणू नको.

ती त्याने उरकली नाही. सगळं घर चार वर्षांत झालं आणि त्या एका खोलीला गेलं वर्ष पूर्ण लागलं. एक ठोकळा ठेवायचा, चुकला की काढायचा, पुन्हा ठेवायचा. मी म्हटलं, मी सरळ करून देतो. त्याने करू दिलं नाही. म्हणाला, त्याची खोली मीच करणार.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. पुन्हा शब्द घेतलाय. तू म्हणतोस ते बरोबर आहे, मी शब्दांत अडकलेला माणूस आहे. तू शब्दांतला आहेस, तूच वाच.

मिस्त्री


४ मार्च

मिस्त्री,

'महोदय' मागे घेतो. बायकोने ते पत्र धाडल्यानंतर वाचलं, प्रत टेबलावर राहिली होती. ती म्हणाली, इतकं शुद्ध लिहितोस तेव्हा तू कुणाचं तरी वाईट करत असतोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वेड्यासारखा राग धरून बसलो. तुझ्या मोजक्या ओळी मी दहा वेळा वाचल्या, आणि दर वेळी मला त्यांत पुन्हा एकदा काहीतरी लपवल्याचंच दिसलं. दुसऱ्या सकाळी बायको म्हणाली, "रागवायचंय ना? मग तिथे जाऊन रागव. इथे माझ्यावर कशाला?" बुधवार होता. मी रजा टाकली आणि सकाळी नऊपासून त्या वाकड्या खोलीत जाऊन बसलो. तो येईल आणि मला दारात पाहील, आणि मी एक शब्द बोलणार नाही, असं ठरवलं होतं. काय काय बोलणार नाही याची मनात उजळणीही केली. कुणी आलं नाही.

बसल्या बसल्या भिंत पाहिली. बाहेर आलेला ठोकळा, आत गेलेले दोन. मी रोज लोकांच्या हस्ताक्षरातली टिपणं तपासतो, मिस्त्री. घाईचा हात कसा चुकतो आणि थरथरणारा हात कसा चुकतो, हे मला कळायला हवं होतं. घाईत चुकलेला माणूस ती चूक तशीच टाकून पुढे जातो. इथे प्रत्येक ठोकळ्याच्या बाजूला, खाली गवतात, काढून टाकलेले ठोकळे पडले आहेत. मी मोजले. दोनशेच्या वर गेल्यावर सोडून दिले. पाट्याही पुन्हा पाहिल्या. जुन्या पाट्यांवर चार-चार ओळी. नव्यांवर तुटक वाक्यं, दोन-चार शब्दांची. शेवटची 'पंडितची', आणि त्यापुढे त्याला जे लिहायचं होतं ते राहून गेलं. मी ते रागात वाचलं होतं. सव्वीस वर्षं या धंद्यात काढून मी एवढं साधं चुकीचं वाचलं.

काल पुन्हा बुधवार होता. पुन्हा बसलो. कुणी आलं नाही. दुपारी तुला फोन केला. तीनदा केला. तू उचलला नाहीस. हे तुझ्या स्वभावात नाही, तू खड्ड्यातूनही उचलतोस. दादाचा नंबर माझ्या वहीत होता, तो मी नऊ वर्षांपूर्वी असा खोडला आहे की उजेडाला धरूनही वाचता येत नाही. त्याच्या जुन्या घरी फोन केला, तर तिथले नवे लोक म्हणाले, ते गृहस्थ चार वर्षांपूर्वी गेले, पत्ता ठेवला नाही. आणि तुझ्या जानेवारीच्या पत्रात त्या हॉस्पिटलच्या लिफ्ट आहेत. तू तिथे कामासाठीच जात होतास ना? ते वाक्य आता मला सरळ वाचता येत नाही.

माफीचं म्हणशील तर मी तुला माफ केलेलं नाही. त्यालाही नाही. मला न विचारता मी काय सोसू शकेन हे दुसऱ्यांनी ठरवायचं, हे त्याने एकदा केलं, तू सहा वर्षं केलंस, आणि आता तुम्ही दोघं मिळून तिसऱ्यांदा करता आहात. हा राग बहुधा माझ्याबरोबरच राहील, मी त्याची सोय करीन. त्याला दिलेला शब्द तू मोड. मोडल्याचं पाप माझ्या नावावर लिही. फक्त गावाचं नाव, इमारत आणि मजला एवढं कळव. बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

विनोद करून पाहिले, जमत नाहीत. मला भीती वाटते, मिस्त्री. दादा जाईल, आणि कुणीतरी मला फोन करेल, सगळं उरकल्यावर.

पंडित